व्यसनमुक्तीला जाताय? मग ऑफिसात बोलू नका

कोथरूडचा_जावई
सरळ मुद्द्यावर येतो. मेहुणा चाकणला एका कंपनीत शिफ्ट इंजिनिअर आहे, कामाला वाघ, पण दारू हाताबाहेर गेलीये. आता स्वतःहून तयार झालाय, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं ठरतंय, तिथला कोर्स 35 दिवसांचा. घरात भांडण एकाच गोष्टीवरून चालू आहे, कंपनीत काय सांगायचं? माझं मत, काहीही सांगू नये. कावीळ सांगा, स्लिप डिस्क सांगा, काय वाट्टेल ते सांगा. आपल्याकडे बॉसला कंपनी देत पिणारा 'सोशल' असतो आणि तीच सोडायला गेलेला माणूस 'बेवडा' ठरतो. एकदा शिक्का बसला की अप्रेझल गेलं, प्रमोशन गेलं, पुढे कधी डोळे लाल दिसले तरी लोक म्हणणार, रात्रीची उतरली नाही वाटतं. पटत नसेल तर कारण देऊन बोला, प्रवचन नको.

एचआरवाली
नाही पटत. मी याच खात्यात काम करते. दारू सोडायला गेला म्हणून कुणाला काढलं असं कागदावर कधी येत नाही (ज्याला काढायचंय त्याच्यासाठी दुसरं कारण शोधतात, तेही माहितीये मला), पण खोटं सर्टिफिकेट दिलं हे एकदा फाईलला लागलं की मग चार्जशीट, चौकशी, सगळं रीतसर होतं आणि तिथे वाचवायला कुणी येत नाही. स्थायी आदेश (कंपनीची लेखी नियमावली) वाचा, त्यात कामावर पिऊन येणं हे गैरवर्तन आहे, रजा न घेता सलग दहा दिवसांच्या वर दांडी मारणं हे गैरवर्तन आहे, उपचार घेणं हे गैरवर्तन नाही. मग खरा आजार असताना खोटा कशाला? अर्जात 'वैद्यकीय उपचारासाठी रजा' एवढंच लिहा आणि सायकियाट्रिस्टचं सर्टिफिकेट जोडा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजारातच धरल्यात. तोंडी सांगायचं ते एकाच माणसाला, जो रजा मंजूर करतो त्याला.

शॉपफ्लोअर
ताई, एकाच माणसाला सांगितलेली गोष्ट आमच्याकडे दुपारच्या चहापर्यंत पेंट शॉपला पोचते. कायद्यातली गोपनीयता डॉक्टरला आणि हॉस्पिटलला बांधते हो, सुपरवायझरला कोण बांधणार?

कोथरूडचा_जावई
हेच म्हणतोय मी! म्हणून तर मेडिक्लेम पण वापरायचा नाही असं ठरवलंय, ग्रुप पॉलिसी कंपनीची, क्लेम टाकला की एचआरला कळणारच.

पॉलिसी_बंड्या
तुमचा तो प्रश्न आधीच सुटलेला आहे. 2017 चा कायदा म्हणतो मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, पण पॉलिसीच्या मागच्या पानावर एक्सक्लूजन 12 बघा, दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम वगळलेले असतात. ग्रुप पॉलिसीत कधी कधी वेगळी अट असते, तेव्हा आधी वाचा मग लपवा.

सुट्टीवर_आहे
एवढं कशाला? दिवाळीच्या सुट्टीला चार रजा जोडा, मेहुण्याला गावी नेऊन खोलीत बसवा. बाटली दिसली नाही की आपोआप सुटते. माझ्या चुलत्याची अशीच सुटली. ना रजेचा अर्ज ना बभ्रा.

वॉर्डातली_सिस्टर
कृपा करून असलं काही करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, घाम, थरथर, ताप, आणि त्यात माणूस जाऊ पण शकतो. चुलते वाचले हे त्यांचं नशीब. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीतच काढायचे. नोकरी वाचवायला निघालात आणि नोकरी करणाराच गेला तर काय उपयोग.

पुन्हा_कामावर
मी यातून गेलेला आहे, म्हणून लिहितो. धागाकर्त्याचं गणित 35 दिवसांपुरतं बरोबर आहे. कावीळ सांगून तेवढे दिवस निघतात. खरी अडचण परत आल्यावर. पहिले काही महिने नाइट शिफ्ट नको असते, ओव्हरटाइम नको असतो, फॉलोअपला आणि व्यसनमुक्ती गटाच्या मीटिंगला ठरलेल्या वेळी सुटायचं असतं, व्हेंडर जेवायला नेतो तिथे जायचं नसतं, आणि हे सगळं साहेबाकडे मागायचं कुठल्या तोंडाने? काविळीला नाइट शिफ्ट किती दिवस टाळता येते? मी एका साहेबाला सांगितलं होतं. त्याने नंतर मला एक चांगला प्रोजेक्ट दिला नाही, हे पण सांगतो, राग आहे त्याचा. पण खंडेनवमीला पूजा झाल्यावर पोरं मागच्या गेटला 'बसायला' निघाली तेव्हा त्यानेच मला कामाच्या नावाखाली स्टोअरला पाठवून दिलं. दोन्ही हिशेबात धरा.

कोथरूडचा_जावई
म्हणजे प्रोजेक्ट गेलाच ना! माझाच मुद्दा सिद्ध केलात.

पुन्हा_कामावर
प्रोजेक्ट गेला, नोकरी आहे. प्यायलेला होतो तेव्हा कुठे मिळत होते प्रोजेक्ट?

सोमवारचा_फोन
मी बायको आहे अशाच एकाची. इतकी वर्षं दर सोमवारी मीच फोन करायचे, 'ह्यांना बरं नाहीये', 'ह्यांचं पोट बिघडलंय', 'सासूबाईंना ॲडमिट केलंय'. सासूबाई ठणठणीत, शेजारी भाजी निवडत बसलेल्या. मुक्तांगणच्या सहचरी गटात (पेशंटच्या बायकांचा गट) पहिल्यांदा कळलं की त्या फोनांनी नोकरी वाचत नव्हती, दारू वाचत होती. जावईबापू, काविळीचा फोन कोण करणार आहे? मेहुण्याची बायकोच ना? तिला विचारलंत का?

ईओटी_क्रेन
सगळे पेशंटच्या बाजूने बोलताय, आता खाली उभा असणाऱ्याच्या बाजूने बोलतो. शिफ्ट इंजिनिअर म्हणजे वर्क परमिटवर, म्हणजे धोक्याचं काम सुरू करायच्या परवानगीवर, सही करणारा माणूस. डोक्यावरून क्रेनला लटकलेली डाय (अवजड लोखंडी साचा) जातेय आणि परमिट देणारा कसल्या अवस्थेत आहे हे मला कळायला नको? उपचार घेऊन आला तर मी स्वतः हार घालीन, पण लपवून आला आणि पुन्हा सुरू झाली तर मरणार आम्ही. एसटीच्या ड्रायव्हरची तपासणी चालते, विमान उडवण्याआधी पायलटला फुंकायला लावतात, आणि इथे म्हणे करिअर.

शॉपफ्लोअर
क्रेनभाऊ, जो सोडायला चाललाय त्याला घाबरताय, जो आज पिऊन उभा आहे त्याच्याबद्दल कधी लेखी दिलंत का?

ईओटी_क्रेन
दिलं नाही. युनियनचा माणूस होता.

ठेकेदाराचा_माणूस
तुमचं चालू द्या. अप्रेझल, प्रोजेक्ट, गोपनीयता. माझा पगार ठेकेदार देतो, सलग आठवडा गेलो नाही की गेटपास बंद आणि माझ्या जागी दुसरा उभा. सोडायची इच्छा आम्हाला पण असते पण 35 दिवस आणायचे कुठून?

एचआरवाली
पगार 21,000 च्या आत असेल आणि ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर ईएसआयच्या डॉक्टरकडे जा. त्यांनी सर्टिफिकेट दिलं आणि वर्गणीची अट बसली तर आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या साधारण 70 टक्के, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. आणि 14446 वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, जवळचं केंद्र विचारा.

ठेकेदाराचा_माणूस
भत्ता मिळेल, मानलं. परत आल्यावर गेटपास कोण देणार, ते पण 14446 वरच विचारू?

कोथरूडचा_जावई
काल रात्री बायकोला धागा वाचायला दिला. सोमवारच्या फोनवाल्या ताईंचं वाचून तिने सांगून टाकलं, वहिनीला फोन करायला लावायचा नाही. बरं. मग मधला मार्ग असा सुचतोय, प्लांटचा मेडिकल ऑफिसर आहे, फक्त त्याला खरं सांगायचं, साहेबाला नाही. तो डॉक्टर आहे, परत आल्यावर फिटनेसचं सर्टिफिकेट तोच देणार, नाइट शिफ्ट नको असं तोच लिहून देऊ शकतो, आजाराचं नाव न लिहिता. क्रेनभाऊंचं पण समाधान होईल. यात कुणाला काही खोट दिसते का?

पुन्हा_कामावर
हे चालेल. फक्त ॲडमिट व्हायच्या आधी भेटा, नंतर नाही. आणि शिफ्टचं लेखी घ्या.

शॉपफ्लोअर
त्या डॉक्टरचा पगार कोण काढतं तेवढं बघून घ्या.