व्हर्सायच्या तहात जर्मनीशी वाटाघाटी झाल्याच नाहीत का?

पावसाळी_ढग:
एक शंका बरेच दिवस डोक्यात आहे. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं, पॅरिसची परिषद १८ जानेवारी १९१९ ला सुरू झाली आणि व्हर्सायला सह्या झाल्या थेट २८ जूनला. पण जर्मन शिष्टमंडळाच्या हातात मसुदा पडला ७ मे ला, आणि समोरासमोर चर्चा नाहीच, जे काय म्हणायचंय ते लेखी द्या. मग आधीचे महिने हे लोक बोलत कोणाशी होते? नेपोलियनला हरवल्यावर व्हिएन्नाच्या परिषदेत हरलेल्या फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ चक्क बैठकीत बसला होता. इथे हरलेल्याला बोलवायचंच नाही असं आधीपासून ठरलं होतं का?

सह्यकडा:
नाही, तसं ठरलं नव्हतं. आधी जिंकलेल्यांनी आपसात अटी पक्क्या करायच्या आणि मग जर्मनीला बोलावून खरी परिषद भरवायची असा विचार होता. पण आपसातच इतकी ओढाताण झाली की ती दुसरी परिषद राहूनच गेली. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना ऱ्हाईन नदीच्या डाव्या काठचा मुलुख जर्मनीपासून तोडून हवा होता, अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन आणि ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज त्याला अजिबात तयार नव्हते, शेवटी १५ वर्षं तिथे सैन्य ठेवायचं आणि जर्मनीने परत हल्ला केला तर ब्रिटन-अमेरिका धावून येतील अशी हमी द्यायची यावर फ्रान्स कसाबसा मानला. भरपाईचंही तेच. मोडतोड झाली फ्रान्स-बेल्जियममध्ये, मग ब्रिटनच्या वाट्याला काय येणार, म्हणून सैनिकांची पेन्शन भरपाईत धरायचा आग्रह धरला गेला आणि विल्सनला पटवलंही गेलं. इटलीचा पंतप्रधान ओर्लांडो तर इटलीला हव्या असलेल्या फ्यूमे शहरावरून एप्रिलमध्ये उठून घरी गेला. आता एवढं जुळवून आणल्यावर जर्मनीला बोलायला बसवलं असतं तर तिने यातली एकेक गाठ सोडवत नेली असती, ही भीती सगळ्यांनाच होती. जर्मनीच्या लेखी हरकतींनंतर मोठा बदल एकच झाला, अप्पर सायलेशिया हा भाग जर्मनीकडे राहावा की पोलंडकडे जावा यावर तिथे सार्वमत. बाकी सही करा नाहीतर सैन्य पुढे सरकेल. माझ्या मते तहाचा सगळ्यात मोठा दोष हाच, अटी किती कडक हा मुद्दा नंतरचा. ज्याला पाळायचाय त्याचा एक शब्द त्यात नाही, मग तो पाळणार कशाला?

नाना_बार्शीकर:
थोडा असहमत. जर्मनीने मार्च १९१८ मध्ये रशियावर ब्रेस्ट-लिटोव्हस्कचा तह लादला तो यापेक्षा कितीतरी कडक होता, आणि माघार घेताना उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणी मुद्दाम पाण्याने भरल्या. हे फ्रेंच माणसाने कसं विसरायचं? १९२१ ला भरपाईचा १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा ठरला तो सगळे सांगतात, पण त्यातली खरोखर वसूल करायची रक्कम साधारण ५० अब्जच होती, उरलेलं मुख्यतः आपापल्या देशातल्या मतदारांना दाखवायला. मला वाटतं घोळ अंमलबजावणीत झाला. अमेरिकेच्या सिनेटने तह फेटाळला, त्याबरोबर फ्रान्सला दिलेली हमी गेली, ब्रिटनची हमी अमेरिकेवर अवलंबून होती ती पण गेली. म्हणजे फ्रान्सने ऱ्हाईनवरचा हट्ट ज्याच्या बदल्यात सोडला तेच हातात राहिलं नाही.

मीरा_पुणे:
फक्त जर्मनीबद्दल बोलून चालणार नाही. चीन जिंकणाऱ्यांच्या बाजूने होता, लाखाहून जास्त मजूर पाठवले होते, तरी शांतुंग या चिनी प्रांतातले जर्मन हक्क जपानला दिले, म्हणून चीनने सहीच केली नाही. जपानने राष्ट्रसंघाचा करार ठरवणाऱ्या समितीत वांशिक समानतेचा ठराव मांडला त्याला १७ पैकी ११ मतं पडली, तरी विल्सनने एकमत नाही म्हणून तो पडला असं जाहीर केलं. आणि आपलं काय? भारतातर्फे सरकारने नेमलेले ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि लॉर्ड सिन्हा. काँग्रेसने डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावं दिली होती. टिळक तर ब्रिटिश पत्रकार चिरोलवर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पॅरिस तिथून किती लांब, पण सरकारने जाऊ दिलं नाही. त्यांनी क्लेमांसोला पत्र लिहून भारताची बाजू मांडली. लाखो भारतीय सैनिक या युद्धात लढले आणि त्यांच्या देशाने निवडलेला एकही माणूस आत नाही, याचा मला आजही संताप येतो.

पावसाळी_ढग:
सगळ्यांचे आभार, पेन्शनचा मुद्दा अजिबात माहीत नव्हता. मग हरलेल्यांपैकी कोणालाच बरोबरीने बोलता आलं नाही का?

सह्यकडा:
तुर्कस्तानला आलं. त्याच्यावरचा १९२० चा सेव्र तह असाच लादलेला होता, पण मुस्तफा केमालच्या (पुढचा अतातुर्क) सैन्याने तो रणांगणावर मोडला आणि मग नोव्हेंबर १९२२ पासून स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तुर्कस्तानचा इस्मत पाशा ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री कर्झन याच्यासमोर बसून एकेका कलमावर अडून राहिला, मध्ये बोलणी मोडली, परत सुरू झाली, जुलै १९२३ ला सह्या. जर्मनीकडे १९१९ ला ती ताकद नव्हती, नाकेबंदीने लोक उपाशी होते. व्हर्साय १५-२० वर्षांत मोडीत निघाला, लोझानने आखलेल्या तुर्कस्तानच्या बहुतेक सीमा आजही त्याच आहेत.