पहिली मिनेसोटा रेजिमेंट: ‘२६२ पैकी २१५’ हा आकडा कितपत धरायचा?

रानवाटा:
अमेरिकी यादवी युद्धातल्या, उत्तरेच्या (संघराज्याच्या) बाजूने लढलेल्या पहिल्या मिनेसोटा स्वयंसेवक पायदळाबद्दल वाचतोय. २ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईत २६२ जण चालून गेले, २१५ पडले (ठार किंवा जखमी), ४७ उरले, असं सगळीकडे सापडतं. त्या लढाईच्या अधिकृत तक्त्यात मात्र याच रेजिमेंटची हानी २२४ आहे. खरा आकडा कोणता? आणि रेजिमेंट म्हणजे दहा कंपन्या, हजारेक माणसं ना? मग २६२ च का?

दारूगोळा:
आधी २६२ चं बघू. २९ एप्रिल १८६१ ला फोर्ट स्नेलिंगला भरती झाली तेव्हा संख्या हजाराच्या आसपासच होती. पण बुल रनच्या पहिल्या लढाईतच सुमारे १८० जणांची हानी (ठार, जखमी, बेपत्ता मिळून) झाली, पुढे अँटिटमची लढाई झाली, आणि छावणीतल्या आजारांनी माणसं सतत कमी होत राहिली. जुन्या रेजिमेंटमध्ये नवी भरती पुरेशी होत नसे. राज्यांच्या गव्हर्नरांना नवी रेजिमेंट उभी करणं जास्त सोयीचं, कारण नव्या रेजिमेंटबरोबर कर्नलपासून लेफ्टनंटपर्यंतच्या नेमणुका त्यांच्या हाती येत. त्यामुळे अनुभवी तुकड्या आटत गेल्या. युद्ध लांबलं त्यात या धोरणाचा मोठा वाटा आहे, असं माझं मत.

शिवाय त्या संध्याकाळी सगळ्या कंपन्या जागेवर नव्हत्या. सी कंपनी डिव्हिजनच्या पोलिसी कामावर, एफ कंपनी कॅप्टन जॉन बॉलसोबत डावीकडे चकमकीसाठी पुढे, आणि एल ही नेहमीच्या दहांना नंतर जोडलेली अकरावी, नेमबाजांची कंपनी वेगळी काढलेली. अकरांतून उरल्या आठ. २६२ त्यांचे.

फत्तेबहाद्दर:
२१५ बद्दल माझी शंका साध्या वजाबाकीतून आहे. तक्त्यात ५० ठार, १७३ जखमी, १ बेपत्ता, एकूण २२४, आणि ही २ व ३ जुलैची मिळून. २१५ एकट्या २ तारखेचे धरले तर ३ जुलैला उरतात फक्त ९. पण ३ तारखेला हीच रेजिमेंट दक्षिणेच्या जनरल पिकेटच्या हल्ल्यासमोर होती. २ तारखेला कर्नल कोलव्हिल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर असे तिघेही जखमी झाल्याने नेतृत्व कॅप्टन नेथन मेसिककडे आलं होतं. ते दुसऱ्या दिवशी ठार झाले. परत येऊन मिळालेल्या सी कंपनीचे कॅप्टन फॅरेलही त्याच दिवशी प्राणघातक जखमी झाले. याच रेजिमेंटच्या मार्शल शेरमनने दक्षिणेच्या २८व्या व्हर्जिनिया रेजिमेंटचा झेंडा हिसकावला तोही त्याच चकमकीत. दोन कॅप्टन पडलेल्या दिवशी एकूण हानी नऊ, हे पटत नाही. २१५ मध्ये ३ तारखेचेही काही मिसळलेत, असंच मानावं लागतं.

याने शौर्याला उणेपणा येत नाही. २ तारखेला उत्तरेच्या जनरल सिकल्सची फळी कोसळली होती, दक्षिणेच्या विलकॉक्सची अलाबामा ब्रिगेड (अनेक रेजिमेंटची तुकडी) पुढे सरकत होती, आणि उत्तरेच्या जनरल हॅनकॉकला कुमक येईपर्यंत काही मिनिटं हवी होती. एका ब्रिगेडवर आठ कंपन्या उतारावरून प्लम रनच्या ओढ्यापर्यंत संगिनी रोखून धावल्या. हानी दोन-तृतीयांश धरली तरी ती भयंकरच आहे.

दारूगोळा:
पटतं. रानवाटा, स्वतः पडताळायचं असेल तर दर दोन महिन्यांच्या अखेरीला होणाऱ्या हजेरीपटापासून सुरुवात करा. सुदैवाने ३० जून १८६३ चा पट लढाईच्या तोंडावरचाच आहे. त्यात ‘पटावर’ आणि ‘कामावर हजर’ हे रकाने वेगळे असतात. पहिल्यात इस्पितळातले आणि रजेवरचेही येतात, म्हणून टक्केवारी कायम दुसऱ्यावर काढा. मग कंपनीनिहाय नावांपुढे जखमेची तारीख लावा. दोन ठिकाणी घोळ होतो: नंतर इस्पितळात वारलेले लढाईच्या तक्त्यात ‘जखमी’च राहतात, म्हणून नंतरच्या याद्यांत मृतांचा आकडा ५० च्या वर जातो. आणि एफ, सी व एल कंपन्यांची नावं हल्ल्याच्या हानीत मोजली, तर भाजकात ती माणसं नाहीत पण भाज्यात आहेत, असं होतं. २६२ पैकी २१५ म्हणजे ८२ टक्के, हे तपासताना आधी हेच बघा.

रानवाटा:
म्हणजे एफ, सी आणि एलची नावं वगळून उरलेल्या आठ कंपन्यांपुढे २ जुलैची तारीख असलेली नावं मोजायची. लागतो कामाला, आभार.