अल्थिया गिब्सन: 1957 च्या आधीची गोष्ट

1957 मध्ये विम्बल्डन जिंकणारी अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू अल्थिया गिब्सन हिच्या गुणवत्तेमुळे मोठ्या स्पर्धांची दारे आपोआप उघडली, असा सूर तिच्याविषयीच्या चर्चेत दिसतो. तो मला अपुरा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत उतरण्यासाठी आधी क्लबांच्या स्पर्धांमधून नाव कमवावे लागे, आणि त्या क्लबांची निमंत्रणे कृष्णवर्णीयांना सहसा मिळतच नसत, म्हणजे नियमांत वर्णाचा उल्लेखही न करता वाट बंद ठेवता येई. कृष्णवर्णीयांच्या टेनिस संघटनेचे विजेतेपद वर्षानुवर्षे जिंकूनही न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत वाढलेल्या या मुलीला त्यामुळे थांबावे लागले. अखेर जुलै 1950 मध्ये माजी विजेती ॲलिस मार्बल हिने टेनिसच्याच एका मासिकात जाहीर पत्र लिहून आपल्या खेळाच्या ढोंगीपणावर बोट ठेवले, आणि ऑगस्टमध्ये गिब्सन फॉरेस्ट हिल्सवर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या न्यूयॉर्कमधील मैदानावर, उतरली.

दुसऱ्या फेरीत समोर होती त्याच वर्षीची विम्बल्डन विजेती लुईस ब्रॉ. पहिला सेट 1-6 असा गमावून दुसरा 6-3 ने घेतलेली गिब्सन तिसऱ्यात 7-6 अशी पुढे असताना (तेव्हा सेट जिंकायला दोन गेमची आघाडी लागे) वादळ आले, वीज कोसळून स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली पडला आणि खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉने सलग तीन गेम घेऊन सामना जिंकला. (निसर्गालाही तेव्हाच मुहूर्त सापडावा!)

विम्बल्डन तिने 1957 आणि 1958 मध्ये जिंकले खरे, पण हौशी टेनिसमध्ये बक्षिसाची रक्कमच नव्हती. पोटासाठी तिला पुढे हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी प्रदर्शनीय टेनिस खेळावे लागले.