आत्याचं तिकीट आणि 13 तारखेची देवगिरी

आत्या: वैशूनं तिकीट पाठवलं बरं का. 14 जूनला रात्री 2 ला मुंबईहून विमान, अन् त्याच दिवशी सकाळी 8 ला न्यूयॉर्क. सहाच तास! परभणीहून मुंबईला जायलाच अख्खी रात्र लागायली. मी 13 च्या रात्रीची देवगिरी एक्सप्रेस काढून घेतलीय.

नाना: सहा तासांत अमेरिका? भारीच झालं की मग.

अमोल: आत्या, थांब. आधी ती देवगिरी रद्द कर. 14 चे रात्री 2 म्हणजे 13 ची रात्र उलटल्यावरचे 2. तू 13 ला रात्री परभणीत गाडीत बसलीस तर विमान उडेल तेव्हा तू मनमाडच्या आसपास असशील.

आत्या: अगं माय!

अमोल: 12 च्या रात्रीचं काढू. 13 ला सकाळी कल्याणला उतर, काकूकडं जेवून झोप काढ, अन् रात्री 10 पर्यंत विमानतळावर पोच.

वैशाली: दादा, बरं झालं बघितलंस. माझ्या डोक्यातच आलं नाही.

अमोल: अन् प्रवास सहा तासांचा नाही, आत्या. तिकिटावर निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची तिथल्या. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागं असतं. सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास बसायचंय.

वैशाली: हो आई, मी पोचले तेव्हा पाय सुजले होते. दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं. पाणी पीत राहायचं.

नाना: अंतर तरी किती म्हणायचं?

अमोल: सरळ मोजलं तर साडेबारा हजार किलोमीटर. पण सरळ म्हणजे भिंतीवरच्या नकाशातलं नाही. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणला तर तो उत्तरेकडून, युरोपच्या डोक्यावरून जातो. त्यात एप्रिल 2025 पासून पाकिस्ताननं त्यांचं आकाश आपल्या विमानांना बंद केलंय, म्हणून आपल्या कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. वेळ वाढतो तो तिथं.

नाना: येताना कमी वेळ लागतो म्हणे. पृथ्वी फिरते म्हणून ना?

अमोल: नाही नाना, पृथ्वीसोबत हवाही फिरतेच. वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचं वारं वाहतं. जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून येताना तासभर तरी वाचतो.

आत्या: मग माझ्या शुगरच्या गोळ्यांचं कसं? सकाळची गोळी कोणत्या सकाळी घ्यायची?

वैशाली: आई, हे लाखातलं विचारलंस. या आठवड्यातच डॉक्टरांकडं जा, तिकीट दाखव, अन् कोणती गोळी किती तासांनी ते कागदावर लिहून घे. गोळ्या अन् चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको. व्हीलचेअर मी नोंदवलीय, लाजू नकोस. इंग्रजीची काळजी नाही, माणूस शेवटपर्यंत सोबत राहतो.

आत्या: मेतकूट अन् डिंकाचे लाडू नेऊ का गं? बाळंतिणीला लागतेत.

वैशाली: आण. फक्त इथल्या विमानतळावर विचारलं की खायचं काय काय आहे ते सगळं सांगायचं, लपवायचं नाही. तूप नको, इथं मिळतं.

अमोल: 12 च्या देवगिरीला खालचा बर्थ मिळाला. एस 4. स्क्रीनशॉट टाकतो. आत्या, ते 13 चं रद्द केलंस का?

आत्या: पोराला बोलावलंय. आला की करते.