१९४१ला कोलमडलेली लाल सेना १९४४पर्यंत इतकी तरबेज कशी झाली?

भटका_वाचक: सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या पूर्व आघाडीबद्दल, म्हणजे जर्मनी विरुद्ध सोव्हिएत लाल सेना या लढाईबद्दल वाचतोय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसत नाहीये. सप्टेंबर १९४१मध्ये कीवला जर्मनांनी तिचे लाखो सैनिक वेढून पकडले, आणि जून १९४४मध्ये त्याच लाल सेनेने बेलारूसमधल्या बाग्रातिओन मोहिमेत जर्मनांचा अख्खा आर्मी ग्रुप सेंटर (आघाडीच्या मधल्या भागातलं सगळं सैन्य) मोडला. जुनी माणसं तर पहिल्या वर्षातच गेली, मग शिकलं कोण? की फक्त संख्येचा जोर?

नकाशेवाला: संख्या १९४१लाही होतीच रे, रणगाडे तर जर्मनांपेक्षा कितीतरी जास्त होते. माझ्या मते शिकलं ते मुख्यालय. जनरल स्टाफ प्रत्येक लढाईचे अनुभव गोळा करून, छापून खाली पाठवायला लागला, त्यामुळे माणूस गेला तरी धडा मागे राहायचा. शिवाय शत्रूच्या पिछाडीपर्यंत खोल घुसायची थिअरी त्यांच्याकडे १९३६पासूनच होती, पण १९३७ला ती मांडणाऱ्या मार्शल तुखाचेव्स्कीलाच स्टालिनने गोळी घातली, हजारो अधिकारी काढले, मग ती राबवणार कोण? ऑक्टोबर १९४२ला कमांडरच्या डोक्यावरचा कमिसारही (पक्षाचा राजकीय अधिकारी) हटवला, निर्णय पटापट व्हायला लागले.

सुलभा_त: पण हे सरळ चढत गेलं असं नका समजू. १९ नोव्हेंबर १९४२ला स्टालिनग्राडला हल्ला सुरू केला आणि चार दिवसांत वेढा पूर्ण, आणि त्याच महिन्यात र्झेव्हजवळ सुरू केलेला दुसरा हल्ला, ऑपरेशन मार्स, साफ फसला. मग जिंकल्याच्या भरात रसद मागे सोडून पुढे धावले आणि मार्च १९४३मध्ये जर्मन फील्ड मार्शल मान्स्टाइनने खारकोव्ह परत घेतलं. नंतर कुर्स्कच्या लढाईत जे थांबले, आधी जर्मनांना येऊ दिलं, ते मला वाटतं याच फटक्यामुळे.

नकाशेवाला: मान्य, मार्सचं मी विसरलोच होतो. आणि अमेरिकन ट्रक पण धरा, त्यांच्याशिवाय इतक्या वेगाने पुढे रसद कशी पोचली असती! बाग्रातिओनमध्ये २३ जूनला मुख्य हल्ला, ३ जुलैला मिन्स्क हातात. जर्मन तर मोठा हल्ला युक्रेनकडून येईल म्हणून पॅन्झर (रणगाडे) तिकडे ठेवून बसले होते, इतकी फसवाफसवी सोव्हिएतांना जमायला लागली होती.

भटका_वाचक: मग साधा शिपाईपण तितकाच तयार झाला होता का?

सुलभा_त: नाही ना, तेच तर वाईट वाटतं. मुक्त केलेल्या गावांतली पोरं जेमतेम ट्रेनिंग देऊन थेट पलटणीत भरायचे. मोहीम आखणारे पटाईत झाले, पण बाग्रातिओनसारख्या विजयातसुद्धा पावणेदोन लाखांहून जास्त सैनिक मेले किंवा बेपत्ता झाले.