घरचा पिटा, घरचं मटण सँडविच : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

थंडीत आपल्या घरांतून मटणाचे बेत रंगतात. या वेळी पिटा ब्रेडच्या (भाजताना फुगून आत पोकळ होणाऱ्या अरबी रोटीच्या) खिशात मटण भरून खायचा विचार आहे. मूळ पदार्थ कोकराच्या मांसाचा. आपल्याकडे मटण म्हणून बहुधा बोकडाचंच मिळतं. कुणी घरी केलं असेल तर सविस्तर सांगा.

दांडिया बाजारहून : माझा सगळा जीव पिट्यात. निम्मा मैदा, निम्मी कणीक, यीस्ट, मीठ, थोडं तेल. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल हवं आणि फुगून दुप्पट व्हायला हवं. थंडीत त्याला वेळ लागतो, घाई करू नका. लाटताना जाडी अर्धा सेंटिमीटर, कडेला आणि मध्ये सारखीच. ओव्हन २४०-२५० अंशांवर, ट्रेसुद्धा आतच तापलेला. एवढ्या आचेला पिठातल्या पाण्याची एकदम वाफ होते, दोन्ही पापुद्रे सुटतात आणि खिसा तयार होतो. लाटलेल्या पिट्याला सुरकुती किंवा भोक पडलं तर वाफ तिथूनच निघून जाते. बाहेर काढल्या काढल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर कापताना तडकतो.

रावपुऱ्यातून : ओव्हन नसला तरी अडत नाही. लोखंडी तवा चांगला तापवायचा, दोन्ही बाजू जरा धरल्या की फुलक्यासारखा थेट आचेवर. टम्म फुगतो!

कारेलीबागेतून : मटणाचं मी सांगतो. रानेचं, म्हणजे मांडीचं, बोनलेस घ्या. बोकडाचं मांस कोकराच्या मांसाइतकं कोवळं नसतं, त्यामुळे नुसतं तव्यावर परतून भागत नाही. दही, लसूण, जिरं, मिरी आणि दालचिनी लावून रात्रभर ठेवतो, कुकरला मऊ करतो, धाग्यांना आडवं बारीक चिरतो आणि मग तव्यावर पार कोरडं होईपर्यंत परततो. आपल्या सुक्या मटणाचीच रीत. अंगाबरोबरचा रसही नको, पिटा भिजून फाटतो. चरबी थिजायच्या आत, गरम असतानाच खायचं.

मांजलपूरहून : वरच्या भावांशी सहमत. मी खिशात आधी चिरलेला कोबी घालते, मग मटण, काकडी, कांदा, पुदिना. खंडेराव मार्केटात भाजी ताजी मिळते. सॉससाठी चक्का, लसूण, लिंबू. ताहिनीसाठी पांढरे तीळ रंग न बदलता मंद भाजून तेलात गुळगुळीत वाटायचे. करपले तर कडू होतात.

पुन्हा दांडिया बाजारहून : आमच्या सासूबाई मटण खात नाहीत. त्यांच्या पिट्यात वांग्याचं भरीत आणि तीच ताहिनी. पंगतीला सगळे एकत्र बसतो, आणि पिटे त्यांचेच आधी संपतात.