मदत हवी आहे: बोल्ट आवळले की पोलर अलाइनमेंट बिघडते

दुर्बिणीच्या माउंटचा (फिरत्या बैठकीचा) अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखायचा आहे, म्हणजेच पोलर अलाइनमेंट. ध्रुवतारा झाडाआड आहे, म्हणून तीन बिंदूंच्या प्लेट सॉल्व्हिंगने (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा काढून) अलाइनमेंट करतोय. फोकल लेंथ 400 मिमी, एक्स्पोजर 3 सेकंद, दर वेळी आरए (ध्रुवाकडे रोखलेला मुख्य अक्ष) 30 अंश फिरवून. एकूण त्रुटी 40 आर्कसेकंदांपर्यंत उतरते (60 आर्कसेकंद म्हणजे 1 आर्कमिनिट, 60 आर्कमिनिटे म्हणजे 1 अंश). अझिमथचे (डावी-उजवी दिशा पक्की करणारे) बोल्ट आवळताच 3 आर्कमिनिटांवर जाते. गायडिंग (आपोआप होणारी दिशा-दुरुस्ती) बंद ठेवून मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा पाहिला, तर 5 मिनिटांत डेक्लिनेशन (ताऱ्याची उत्तर-दक्षिण जागा) साधारण 4 आर्कसेकंद सरकते. म्हणजे आकडा खराच आहे. अल्टिट्यूडच्या (वर-खाली कोनाच्या) स्क्रूचा शेवटचा फेरा वर उचलतच संपवतो, त्यामुळे तिथली ढिलाई वजनानेच दाबलेली राहते. अझिमथला ती सोय नाही, आणि माझ्या मते गोम तिथेच आहे.

बोल्ट अर्धे आवळून मग शेवटची दुरुस्ती करावी का? की अझिमथचे समोरासमोरचे दोन्ही स्क्रू एकमेकांवर ताणून ठेवले तर बोल्ट न आवळताही माउंट रात्रभर टिकेल?